छत्रीचा आठवा कोपरा

प्रिय ठमे,

एक मोठी छत्री, आतून चंदेरी, तोंडाला पांढरं कापड. दुधाच्या पावडरीच्या डब्याचा नळा, आतून काळा रंगवलेला, उजेडाची बारीक धार पाडायला. तीनशे बारा स्ट्रॉ चिकटवून केलेली जाळी, उजेड इकडेतिकडे सांडू नये म्हणून. भंगारातून आणलेल्या सलाईनच्या स्टँडला तळाशी सिमेंट ओतून केलेला दिव्याचा खांब. एकोणीस वर्षांत तो एकदाही कलंडलेला नाही. उजेड परतवायला प्लायवूडचे दोन फळे, एकावर चंदेरी कागद चुरगळून, पुन्हा सपाट करून चिकटवलेला, दुसरा नुसता पांढरा. पाण्याच्या पाइपांवर गुंडाळलेले चार पडदे. बसणाऱ्याला कळू न देता वरखाली करता येणारं स्टूल. हे सगळं मी माझ्या दोन हातांनी केलं, कुणालाही न विचारता, कुणाचंही न बघता. ही यादी मी इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत आलोय आणि तू ती झोपेतसुद्धा म्हणून दाखवशील. आज ती पहिल्यांदाच कागदावर उतरवली, कारण तिच्यातली एक वस्तू चुकीची निघाली आहे. कोणती, ते क्रमाने सांगतो. मधली पानं सोडून शेवट वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे. ती इथे चालणार नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मनात पहिली शंका आली ती हीच, की पत्र कशाला? दिवसाआड फोन करणारी मुलगी चार पानं हाताने लिहिते, पाकिटात घालते, त्यावर तिकीट चिकटवते, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. तुझी आई म्हणाली, फोनवर तुम्ही ऐकता कुठे, तुम्ही बोलता. कागदाला निदान मध्येच तोडता येत नाही. मी ते मनावर घेतलं नाही. पत्रातला मजकूर मी तीनदा वाचला. त्या संस्थेच्या दोन वर्षांच्या फोटोग्राफीच्या वर्गासाठी तुझी निवड झाली आहे, वीस तारखेपर्यंत होकार कळवायचाय, होकार द्यायचा तर विमा कंपनीतली सहा वर्षांची नोकरी सोडायची, आणि तू लिहितेस, ‘बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर राजीनामा देणार नाही. हो म्हणालात तर कॅमेरा कोणता, दिवे कोणते आणि वर्गाशिवाय आणखी कुठे काय शिकायचं, तेही सांगा.’ आता मला सांग, माझी परवानगी तू आयुष्यात कधी मागितलीस? आठवीत केस कापलेस तेव्हा? मामाची मोटारसायकल शिकलीस तेव्हा? त्यात पुन्हा प्रश्न असे मुद्देसूद, एक, दोन, तीन, की कुणीतरी शेजारी बसून सांगितल्यासारखे. मी तुझ्या आईला म्हटलं, हिच्यामागे कोणीतरी आहे. ती म्हणाली, दुसऱ्यांचे दावे खरे की खोटे हे तपासायचा ती पगार घेते, मुद्देसूद नाही लिहिणार तर काय? तेही खरंच. संशय घेण्याचा पगार मिळतो हे मला तुझ्या वयात कळलं असतं तर मी आज साहेब असतो.

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो, म्हणजे बाबांनी विषय टाळला असं व्हायला नको. कॅमेऱ्यावर कमी खर्च कर, लेन्सवर जास्त. कॅमेरा तीन-चार वर्षांत जुना होतो, चांगली लेन्स तुला पुरून उरेल. चेहऱ्यांसाठी एकच घे, पंच्याऐंशी मिलिमीटरची, आणि नवीच हवी असा हट्ट धरू नकोस. जुनी घेताना दुकानदार जे दाखवतो ते बघू नको, जे दाखवायला विसरतो ते बघ. लेन्समधून मोबाइलचा उजेड तिरपा टाक. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, आणि पुसलं की जाईल असं जो म्हणेल त्याच्या दुकानाची पायरी परत चढू नकोस. कॅमेरा जुना घेतलास तर त्याचं शटर किती वेळा उघडलंय तो आकडा माग. दुकानदार का-कू करायला लागला की आकडा मोठा आहे. तीन दिव्यांचा संच आणि त्यावर बॅग मोफत अशी जाहिरात दिसली की आपण पैसे बॅगेचेच देतोय असं समज. एकच दिवा घे. एका दिव्याने चेहरा उभा करता येत नसेल तर तीन दिव्यांनी फक्त तीन सावल्या पडतात. एलईडी घेणार असशील तर त्याच्या उजेडात स्वतःचा तळहात बघ. हात आजारी माणसाचा दिसला तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, आहे तिथे ठेवून दे. आणि दिव्यापेक्षा स्टँड भारी घे. पडून फुटलेले दिवे मी बरेच पाहिलेत, त्यांतला एकही दिव्याच्या चुकीने पडलेला नव्हता.

राहिला प्रश्न शिकण्याचा. माझं शिक्षण तुझ्या मामाच्या टकलावर झालं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण ते नेमकं काय होतं ते मी कधी सांगितलं नाही. अकरा रविवार मी त्याला स्टुलावर बसवलं. टक्कल म्हणजे आरसाच: दिवा कुठे आहे, केवढा आहे, त्याच्या कडा मऊ आहेत की धारदार, सगळं तिथे लिहिलेलं. चौथ्या रविवारी तो म्हणाला, “भावोजी, नक्की कोणाचं डोकं उजळतंय, माझं की तुमचं?” अकराव्या रविवारी मी टकलावरून त्याच्या डोळ्यांवर आलो. तिथेही तेच लिहिलेलं होतं, फक्त बारीक अक्षरात. बुबुळात जो पांढरा ठिपका दिसतो ना, तो म्हणजे समोरच्या दिव्याचा आरशातला फोटो. खिडकी असेल तर चौकोन, बल्ब असेल तर टिंब, माझी छत्री असेल तर आठ कोपऱ्यांची चकती. त्या दिवसापासून मी फोटो बघतच नाही, फोटोतले डोळे बघतो. फोटोखाली कुणाचंही नाव छापता येतं. बुबुळातला ठिपका मात्र ज्याचा दिवा त्याचाच.

माझ्या छत्रीचा ठिपका तर शंभरात ओळखू येतो. तिला आठ काड्या. केली त्याच आठवड्यात ती माळ्यावरून पडली आणि एक काडी मोडली. नवी आणायला जवळ काही नव्हतं, म्हणून सायकलच्या चाकाची तार आडवी लावून, चपला शिवायच्या मेणाच्या दोऱ्याने बांधली. बांधली खरी, पण तो आठवा कोपरा थोडा आत दबलेला राहिला. मग लक्षात आलं की त्या बाजूने उजेड जरा हळू येतो, गालाच्या कडेला ओरखडा काढत नाही. तेव्हापासून तो कोपरा मी नेहमी सावलीकडे ठेवतो. काडी बदलायचा विचार पुन्हा केला नाही आणि छत्री कधी दाराबाहेर जाऊ दिली नाही. तीन वर्षांपूर्वी तू विचारलं होतंस, बाबा, मला छत्री लावायला शिकवाल का. मी काय म्हणालो तेही मला आठवतंय. “मला कोणी शिकवलं होतं?” तू बरं म्हणालीस आणि चहा टाकायला गेलीस.

आता तो माणूस. गेल्या महिन्याच्या तीन तारखेला, मंगळवारी, सकाळी साडेअकराला आला. करडं जाकीट, बूट महाग पण टाचा एका बाजूने झिजलेल्या, म्हणजे पायी खूप फिरणारा. बाहेर आपली पाटी काय म्हणते? पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत. छत्री असते आतल्या खोलीत, पडद्यामागे. आणि हा गृहस्थ आल्या आल्या म्हणतो, मला त्या छत्रीखाली फोटो काढून हवाय. त्या छत्रीखाली. मी विचारलं, कोणत्या? तो हसला. आत घेतला, बसवला. लोक फोटो काढताना लेन्सकडे बघतात नाहीतर स्वतःच्या पोटाकडे. हा सबंध वेळ छत्रीकडे बघत होता. फोटो झाल्यावर उठून त्याने छत्रीच्या तोंडाचं कापड दोन बोटांत धरलं आणि विचारलं, हे एकपदरी आहे का. मी म्हटलं, एकपदरी. त्याने हनुवटी खाजवली. जाताना कार्ड ठेवून गेला, दिव्यांचं सामान बनवणाऱ्या कोणत्या तरी कंपनीचं. कार्डं काय, मीही पाचशे छापून आणीन. मी ते गल्ल्याच्या काचेखाली पालथं घातलं.

माझा पहिला संशय समोरच्या झगमगवाल्यावर. त्याने त्याच्या फोटो स्टुडिओत आठ दिवे आणि एक कारंजं लावल्यापासून माझ्याकडे गिऱ्हाईक टिकतंच कसं हे त्याला कळत नाही. माणूस पाठवून छत्रीची मापं काढण्याइतका तो खालच्या थराचा आहे की नाही यावर तुझ्या आईचं आणि माझं दोन दिवस वाजलं. ती म्हणे, त्याने मागे आपल्याला शिडी दिली होती. मी म्हटलं, शिडी देणारा घरात डोकावणारच. नऊ दिवसांनी जाकीटवाला परत आला, हातात टेप आणि उजेड मोजायचं मीटर. मापं मी घेऊ दिली नाहीत. उजेड मोजू दिला, कारण तो मीटर कसा धरतो हे मला बघायचं होतं. त्याने बरोबर धरलं, हनुवटीखाली, दिव्याकडे तोंड करून. म्हणजे शिकलेला चोर. मोजता मोजता स्वतःशीच पुटपुटला, फोटोतल्यापेक्षा इथे जास्त मऊ आहे. मी विचारलं, कोणत्या फोटोतल्या? तो म्हणाला, पुढच्या वेळी सविस्तर बोलू. पुढच्या वेळी म्हणणाऱ्या माणसाला मी आजवर उधारीवर फोटो दिलेला नाही.

आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र. सोबत त्या संस्थेची गुळगुळीत पुस्तिका. आता तूच सांग, माझ्या जागी तू असतीस तर दोन्ही गोष्टी एका फायलीत घातल्या असत्यास की नाही? मी भिंग घेऊन बसलो. पान चार आणि पान सहा, दोन वेगवेगळे विद्यार्थी, मध्ये दोन वर्षांचं अंतर, असं खाली लिहिलंय. दोघांच्याही फोटोतल्या डोळ्यांत डावीकडे वर एक मोठा चौकोन आणि उजवीकडे उभी बारीक पट्टी, अगदी त्याच उंचीवर. म्हणजे दिवे लावणारा एकच, आणि तो विद्यार्थी नव्हे. सर दिवे लावतात आणि मुलं बटण दाबतात. दोन वर्षं फी भरून बटण दाबायला शिकायचं असेल तर लिफ्टमध्ये नोकरी धर, ते पगार देतात. हे वाक्य मी तुला लिहायला घेतलंसुद्धा होतं. पहिलं पत्र तिथपर्यंत येऊन थांबलं, ते अजून खणात आहे.

थांबलं, कारण पान उलटलं. पान नऊचा कोपरा दुमडलेला होता. टपालात दुमडला असेल असं मला वाटलं. मला, जो टपालावर कधीच विश्वास ठेवत नाही. पानभर एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा, कुलपं दुरुस्त करणारी, दातांत बारीक किल्ली धरलेली. नाव नाही, नुसतं ‘प्रवेशासाठी आलेल्या कामातून’. फोटो चांगला होता. हे मी डोळे बघायच्या आधी म्हणालो, तुझी आई साक्षीदार आहे. मग भिंग लावलं. दोन्ही बुबुळांत आठ कोपऱ्यांची चकती, आणि आठवा कोपरा, सावलीकडचा, आत दबलेला.

पुढचे दोन दिवस मी कसे घालवले ते सांगायला लाज वाटते, पण तपशील सोडणं माझ्या स्वभावात नाही. स्टुडिओचं कुलूप बदललं. तुझी आई म्हणाली, आता त्या फोटोतल्या बाईकडूनच घ्या. मागच्या खिडकीच्या गजांचे स्क्रू तपासले. झगमगवाल्याकडे जाऊन, सहज आल्यासारखं, त्याच्या भिंतीवरच्या सगळ्या फोटोंचे डोळे बघून आलो. प्रत्येक बुबुळात आठ टिंबं आणि एक कारंजं. बिचारा निर्दोष आहे, पण हे तुझ्या आईला सांगू नकोस. छत्री माझ्या खोलीत, किल्ली माझ्या खिशात, आणि तिचा ठिपका दुसऱ्या गावातल्या बाईच्या डोळ्यांत. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद केलं, छत्री खांबावरून उतरवली, टेबलावर आडवी ठेवली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

बाहेरचं विटलेलं काळं कापड माझंच. त्यावरचा चुन्याचा डागसुद्धा माझा, सोळा वर्षांपूर्वीचा. आत हात घालून मोडलेली काडी चाचपली. सायकलची तार होती, मेणाचा दोरा होता, फेरे मोजले तर एकवीस, माझे असतात तेवढेच. पण मी फेरे माझ्या बाजूला ओढत आणतो आणि गाठ उजवीकडे मारतो. ही गाठ डावीकडे होती. फेरे पलीकडच्या दिशेने गेलेले. कापडाचे टाके बघितले, तेही सगळे उलट्या बाजूला झुकलेले. आपल्या ओळखीत डाव्या हाताने सुई धरणारं माणूस एकच आहे. तुला कात्री उजव्या हातात धरायला लावायचा मी दोन वर्षं खटाटोप केला होता, आणि शेवटी तुझ्या आईने ती माझ्याकडून काढून घेतली होती.

आई चहा घेऊन आली तेव्हा छत्री उघडी बघून तिने कप खाली ठेवला आणि समोर बसली. तिनेच सांगायला सुरुवात केली. साडेचार महिन्यांपूर्वी तू चार दिवस सुट्टीवर आलीस तेव्हा पडद्याच्या काठ्या म्हणून जे लांब खोकं आणलं होतंस त्यात सांगाडा होता. मी कारखान्यात ओळखपत्रांचे फोटो काढायला दोन दिवस गेलो, तेव्हा तुम्ही दोघींनी मिळून माझ्या छत्रीचं काळं कापड काढून तुझ्या सांगाड्यावर चढवलं. आईने ताणून धरलं, तू शिवलंस. माझी छत्री नव्या कापडात त्याच खोक्यातून तुझ्याबरोबर गेली. मी तुला स्टँडवर सोडायला आलो होतो, ठमे. ते खोकं बसच्या टपावर मी चढवलं. काठ्या जड लागतात म्हणालो आणि तू म्हणालीस, लोखंडी आहेत.

मग आईने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहितो, कारण मला ते माझ्या शब्दांत जमणार नाही. “ती म्हणाली होती, बाबांना आठवड्यात कळेल. कळलं की रागावतील, आणि एकदा रागावले की निदान शिकवायला तरी लागतील.”

म्हणजे तू साडेचार महिने माझ्या रागावण्याची वाट बघत होतीस. दिवसाआड फोन करून धंदा कसा चाललाय, उजेड बरा पडतोय ना, असं विचारत होतीस. मला वाटायचं मुलीला काळजी आहे. आणि मी काय सांगत होतो? निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोटो मी काढला, तो बघून झगमगवालासुद्धा रस्ता ओलांडून आला, असा उजेड या गावात फक्त माझ्या छत्रीचा, असं मी तुला फोनवर दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तू जरा वेळ गप्प होतीस. मला वाटलं, रेंज गेली. आता आठवतं, या साडेचार महिन्यांत प्रत्येक फोटोला मला अर्धा स्टॉप, म्हणजे जवळजवळ निम्म्याने, उजेड जास्त द्यावा लागत होता. मी बल्बला दोष दिला, मग विजेच्या दाबाला, मग बल्ब विकणाऱ्याला. त्याच्याशी भांडूनही आलो. तू कापड दुपदरी लावलं होतंस. ते माझ्यापेक्षा बरं केलंस, म्हणूनच बाईंच्या गालावरच्या सुरकुत्या सुरकुत्याच राहिल्या, भेगा झाल्या नाहीत. मी सगळ्या जगावर संशय घेतला, फक्त माझ्या डोक्यावर उघडलेल्या छत्रीवर घेतला नाही. आणखी एक. माझी काडी अपघाताने मोडली होती. तू धडधाकट काडी मोजून मोडलीस, बरोबर तितकीच, तो कोपरा तितकाच आत यावा म्हणून. माझ्या जुन्या वहीत लिहिलेल्या मापाशी मी तीनदा ताडून बघितलं. दोन मिलिमीटरचाही फरक नाही. हे मला जमलं नसतं.

तर उत्तर. राजीनामा दे. वीस तारखेची वाट बघू नकोस. संस्थेवरचा माझा संशय गेलेला नाही. पान चार आणि पान सहा घेऊन पहिल्याच दिवशी त्या सरांपुढे उभी राहा आणि विचार, हे दिवे कोणी लावले. उत्तर देताना ते वर्गाकडे बघतात की घड्याळाकडे, ते मला कळव. पण जा. कुणाचंही न बघता मी शिकलो, हे मी अभिमानाने सांगतो, त्याची दुसरी बाजू कधी सांगत नाही. दुपदरी कापड लावावं हे कुणी मला पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. सांगणारं कोणी नव्हतं, आणि असतं तरी मी ऐकलं नसतं. तू तीन वर्षांपूर्वी विचारायला आलीस तेव्हा मी तुला काय शिकवायचं टाळलं याची यादी केली तर ती वरच्या यादीपेक्षा लांब होईल. वर्गाला सुट्टी असेल तेव्हा इकडे ये. डब्याचा नळा आणि स्ट्रॉची जाळी कशी लावायची ते मी दाखवतो. तू मला दुपदरी कापडाला चुणी न पडू देता कसं ताणायचं ते दाखव. माझी छत्री परत आणू नकोस. तिला दाराबाहेर जाऊ देणार नाही असं मी म्हणायचो, पण आता ती गेलीच आहे आणि तिकडे बरं काम करते आहे.

आता हे पत्र फोनऐवजी लिहायचं कारण. हे तोंडी सांगितलं असतं तर तू मध्येच तोडलं असतंस, आणि मीही कदाचित मोठेपणा मिरवला असता. काल तो जाकीटवाला तिसऱ्यांदा आला. या वेळी सविस्तर बोलला. त्याने पान नऊ बघितलं होतं, संस्थेत चौकशी केली होती, आणि त्याला माझा पत्ता तू दिला होतास. तू त्याला सांगितलंस, छत्री माझ्या वडिलांनी केली आहे, त्यांनाच विचारा, आणि मी पाठवलं हे मात्र सांगू नका, नाहीतर ते दारातूनच परत पाठवतील. बरोबर ओळखलंस. त्याला ती छत्री बनवून विकायची आहे, आठव्या कोपऱ्यासकट, आणि तोंडाला दुपदरी कापड, कारण त्याच्या मीटरने जो उजेड मोजला तो तुझ्या छत्रीचा. खोक्यावर करणाऱ्याचं नाव छापणार. त्याने कागद समोर ठेवला. त्यावर एकच ओळ महत्त्वाची होती: ‘ही छत्री मी माझ्या हातांनी बनवली आहे’, आणि खाली सहीला जागा एकाच माणसाची. हे वाक्य मी आयुष्यभर बोलत आलोय, पेन उघडून झालं होतं. समोर खांबावर तुझी छत्री लावलेली होती. मी त्याला म्हटलं, हिची मालकीण दुसऱ्या गावात राहते, तिच्याशी बोला, आणि कागदावर दोन सह्यांची जागा करून आणा. नाहीतर येऊ नका. तो म्हणाला, दोन नावं खोक्यावर बसत नाहीत. मी पेन बंद करून खिशाला लावलं. त्याचं कार्ड या पाकिटात घातलंय, पालथं नाही, सुलटं. हवं तर बोल, नको तर फाडून टाक, ती छत्री तुझी आहे. मी माझ्यापुरतं नाही म्हटलं ते एवढ्याला: छत्रीवर एकट्या माझं नाव, आणि सहा लाख चाळीस हजार.

तुझाच,
बाबा